पुनर्विक्रीच्या घरावर खर्च किती करावा? : तळेगाव (श्यामजी पंत) येथील घराच्या निमित्ताने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

जुने घर विकत घ्यावयाचे, त्याची डागडुजी करावयाची आणि काही महिन्यांनी ते अधिक किमतीस विकावयाचे, हा व्यवहार दिसावयास सोपा आहे. मोठ्या शहरांत तो आता एक स्वतंत्र धंदा होऊन बसला असून त्यास ‘फ्लिपिंग’ असे नावही पडले आहे. मोठ्या खेड्यांत व तालुक्याच्या गावी मात्र तो धंदा म्हणून क्वचितच केला जातो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, विकलेल्या शेताचे पैसे किंवा भावाभावांनी एकत्र केलेली बचत एखादे कुटुंब अशा घरात एकदाच गुंतविते. धंदेवाईक माणसाची एका घरात झालेली चूक दुसऱ्या घरात भरून निघते. कुटुंबाला दुसरे घर नसते. म्हणूनच या व्यवहारातील कळीच्या प्रश्नाचा, म्हणजे विकण्यासाठी घेतलेल्या घरावर नेमका किती खर्च करावा याचा, विचार अंदाजावर न सोडता हिशेबाने करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत विवेचनासाठी वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. आष्टी तालुक्यातील हे गाव नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. येथून एक रस्ता दक्षिणेस आर्वीकडे व एक उत्तरेस आष्टीकडे फुटतो. अशा नाक्याच्या गावी दोन प्रकारची घरे असतात. जुन्या गावठाणातील मातीच्या भिंतींची, सागवानी मयालींची व कवेलूंच्या छपराची घरे हा एक प्रकार; रस्त्यालगतची व नव्या भूखंडांवरील विटा-सिमेंटची घरे हा दुसरा. पुनर्विक्रीसाठी घर शोधणाऱ्याचे लक्ष पहिल्या प्रकाराकडे जाते, कारण ते स्वस्त मिळते. ते स्वस्त का मिळते, याचे उत्तर मात्र पुष्कळदा खर्च करून झाल्यावर सापडते.

२. दोन परस्परविरुद्ध चुका

या व्यवहारात दोन चुका वारंवार घडतात. पहिली चूक म्हणजे भिंतींना रंग देऊन, दाराला वॉर्निश लावून घर लगेच विकावयास काढणे. दुसरी म्हणजे आपण स्वतःच तेथे राहणार आहोत अशा हौसेने त्यावर खर्च करणे. पहिल्या चुकीत ग्राहक मिळत नाही. दुसऱ्या चुकीत ग्राहक मिळतो, पण झालेला खर्च देत नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : खर्चाचा आकडा घराकडे पाहून ठरविला जातो. घराकडे पाहिले की प्रत्येक खोलीत काही ना काही करण्यासारखे दिसतेच. वस्तुतः हा आकडा घर ठरवीत नाही. पुढे जो ते विकत घेणार आहे तो ठरवितो. म्हणून हिशेबाची सुरुवात शेवटाकडून, म्हणजे विक्रीच्या किमतीकडून करावी लागते.

३. किमतीची कमाल मर्यादा

प्रत्येक गल्लीत घराच्या किमतीस एक कमाल मर्यादा असते. घर कितीही सजविले तरी त्या मर्यादेपलीकडे ग्राहक जात नाही, कारण तेवढ्या पैशांत त्याला दुसरा मार्ग मोकळा असतो. तळेगावसारख्या गावी हा दुसरा मार्ग म्हणजे गावाच्या कडेला अकृषक भूखंड घेऊन त्यावर नवे घर बांधणे. भूखंडाची किंमत व तेवढ्याच आकाराच्या साध्या, पक्क्या बांधकामाचा खर्च यांची बेरीज केली म्हणजे जुन्या घराच्या किमतीची वरची कड हाती येते. जुन्या घरास सामान्यतः या कडेच्या खालीच किंमत येते, कारण नव्या घरातील खोल्या ग्राहकाला आपल्या मनाप्रमाणे मांडता येतात. याला अपवाद बाजारपेठेच्या जागेचा. तेथे पैसे घराला नव्हे, जागेला मिळतात.

घराच्या किमतीचे तिच्या गुणांनुसार विभाजन करण्याची एक शास्त्रीय रीत अर्थशास्त्रात प्रचलित आहे. शेर्विन रोझन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची सैद्धांतिक मांडणी केली. खोल्या, पाणी, रस्त्याची रुंदी, शाळेचे अंतर अशा प्रत्येक गुणाला बाजारात एक अंतर्भूत किंमत असते आणि पुष्कळ विक्रींची तुलना करून ती काढता येते, असा त्या मांडणीचा आशय आहे. परंतु या रीतीस शेकडो विक्रींची माहिती लागते. लहान गावी वर्षाकाठी होणारे घरांचे व्यवहार थोडे, त्यांतही भावकीतील व्यवहार वेगळ्या भावाने झालेले. तेव्हा येथे गणितापेक्षा चौकशी अधिक उपयोगी पडते. मागील दोन वर्षांत त्याच गल्लीत विकली गेलेली तीन-चार घरे, गृहकर्ज देताना बँकेने धरलेले मूल्य, शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील दर, आणि गावात घर शोधत असलेले शिक्षक, दुकानदार व नोकरदार किती रक्कम उभी करू शकतात याची माहिती, या चार गोष्टी ताडून पाहिल्या म्हणजे कमाल मर्यादेचा भरवशाचा अंदाज येतो.

४. सीमान्त खर्चाचा नियम

कमाल मर्यादा कळली म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत खर्च करीत जावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कपाशीला खताची पहिली मात्रा जेवढे उत्पन्न वाढविते तेवढे दुसरी वाढवीत नाही, आणि चौथी तर खताची किंमतही भरून काढीत नाही. घरावरील खर्चाचेही तसेच आहे. प्रत्येक पुढच्या रुपयाने विक्रीच्या किमतीत किती भर पडते ते पाहावे, आणि ती भर त्या रुपयाच्या खऱ्या खर्चाइतकी उरली की थांबावे. ‘खरा खर्च’ या शब्दाकडे येथे विशेष लक्ष दिले पाहिजे. फरशीवर खर्च केलेले नव्वद हजार म्हणजे केवळ नव्वद हजार नव्हेत. फरशी बसविण्यासाठी विक्री महिनाभर लांबली तर संपूर्ण घरात अडकलेल्या भांडवलाचे एक महिन्याचे व्याजही फरशीच्याच खात्यावर पडते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. ते तळेगावातील प्रचलित भाव म्हणून वाचू नयेत. समजा, गावठाणातील एक जुने घर ६,००,००० रुपयांस मिळत आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, शोध अहवाल व दस्तलेखन मिळून ५०,००० रुपये लागतात. भांडवलावर दरमहा दर शेकडा १ रुपया व्याज धरले आहे. पैसा स्वतःचा असला तरी तो अन्यत्र गुंतविता आला असता, म्हणून व्याज धरावयाचेच. विक्रीवर दलाली शेकडा २ आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सर्व रक्कम पूर्ण मुदतभर अडकली असे मानले आहे. घरावर पायरीपायरीने काम केल्यास चित्र असे दिसेल :

| पायरी | काम | एकूण दुरुस्ती खर्च (रु.) | अपेक्षित विक्री (रु.) | मुदत (महिने) | निव्वळ नफा किंवा तोटा (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| ० | काहीही नाही | ० | ६,७०,००० | ८ | तोटा ४५,४०० |
| १ | छप्पर, जोते, सांडपाणी, वीज | १,००,००० | ८,४०,००० | ७ | नफा २०,७०० |
| २ | वरील आणि शौचालय, न्हाणी, पाण्याची टाकी, ओटा | १,८०,००० | ९,६०,००० | ८ | नफा ४४,४०० |
| ३ | वरील आणि फरशी, नवा गिलावा, रंग | २,७०,००० | १०,४०,००० | ९ | नफा १६,४०० |
| ४ | वरील आणि स्लॅब व वरची खोली | ६,२०,००० | १२,००,००० | १४ | तोटा २,७१,८०० |

कोष्टकातील चौथा स्तंभ खालपर्यंत वाढतच जातो. जितका खर्च अधिक तितकी विक्री अधिक. केवळ त्याकडे पाहणारा मनुष्य चौथ्या पायरीपर्यंत जाईल व आपण उत्तम घर उत्तम किमतीस विकले अशा समाधानात पावणेतीन लाख गमावील. शेवटचा स्तंभ मात्र दुसऱ्या पायरीपर्यंत चढतो आणि तेथून उतरतो. तिसऱ्या पायरीचा हिशेब पाहावा. फरशी, गिलावा व रंग यांस ९०,००० लागले. व्याजाचा वाढीव बोजा १६,४०० पडला. दलाली १,६०० ने वाढली. म्हणजे खरा खर्च १,०८,००० झाला आणि किमतीत भर पडली ८०,००० ची. तेथे प्रत्येक रुपयाने एक रुपया वीस पैसे परत आणावयास हवे होते. त्याने नव्वद पैसेही आणले नाहीत. उलट दुसऱ्या पायरीवर ९६,३०० च्या खऱ्या खर्चाने १,२०,००० ची भर पडली. थांबण्याची जागा म्हणूनच दुसऱ्या पायरीनंतर आहे.

५. कोणता खर्च भरून निघतो

पायऱ्यांचा हा क्रम योगायोगाने ठरलेला नाही. घरावरील खर्चाचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील खर्च ग्राहकाचा नकार दूर करतो. दुसऱ्या वर्गातील खर्च ग्राहकाची पसंती वाढवितो. गळते छप्पर, फुगलेली भिंत, शौचालयाचा अभाव ही नकाराची कारणे आहेत. ती असेपर्यंत बरेचसे ग्राहक दारातूनच परततात आणि उरलेला एखादा किंमत पाडून मागतो. यास्तव ती दूर करण्यावर केलेला खर्च बहुधा भरून निघतो. रंगाची छटा, फरशीची नक्षी, छताची शोभा हा रुचीचा प्रश्न आहे. एकाची आवड ती दुसऱ्याची नावड. आणि दुसऱ्याच्या आवडीसाठी आगाऊ पैसे मोजणे हा तोट्याचा सौदा होय.

पहिल्या वर्गात अग्रस्थान कागदपत्रांचे आहे, जरी त्यांचा घराच्या भिंतींशी संबंध नाही. गावठाणातील घर पुष्कळदा आजोबांच्या नावे असते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये एका मुलाची नोंद असते आणि वारस चार गावी विखुरलेले असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या सुधारणेने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तेव्हा लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्यांवाचून झालेले खरेदीखत पुढे अडचणीत येऊ शकते. विदर्भात जिला आखीव पत्रिका म्हणतात ती घराच्या जागेस आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. अशी पत्रिका हाती असली तर ग्राहकाला कर्ज मिळणे सुलभ होते व ग्राहकांचे वर्तुळ रुंदावते. कागद स्वच्छ नसताना छपरावर केलेला खर्च हा दुसऱ्याच्या घरावर केलेला खर्च ठरण्याचा धोका असतो.

त्यानंतर पाणी. वर्धा जिल्ह्यातील काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर दरवर्षी हलते. उन्हाळ्यात रुंदावणारी व पावसाळ्यात मिटणारी चीर ही भिंतीची नव्हे, जमिनीची असते. ती गिलाव्याने बुजविली तर पुढच्या वैशाखात त्याच जागी उघडते. अशा ठिकाणी आतल्या गिलाव्यापेक्षा बाहेर जोत्याभोवती उताराची फरसबंदी करून पागोळ्यांचे व मोरीचे पाणी पायापासून दूर नेणे अधिक उपयोगाचे आणि स्वस्तही असते. छपराचेही तसेच आहे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून व फुटकी बदलून घेतली, वाळवी लागलेले फाटे काढून नवे घातले की गळती थांबते. त्यासाठी संपूर्ण छप्पर उतरविण्याची गरज नसते. मात्र मयाल आतून पोखरलेली असेल तर हिशेबच बदलतो. म्हणून घर घेण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून मयाली ठोकून पाहाव्यात. तेवढ्या मजुरीत मोठे नुकसान टळते.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे आवश्यक आहे. मातीची भिंत हा बांधकामशास्त्राच्या दृष्टीने दोष नव्हे. याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९३६ साली बांधलेले आदिनिवास माती, बांबू व कवेलू यांचे असून नियमित निगेमुळे ते आजही उभे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही मातीच्या घरांचे सुधारित प्रकार बांधून दाखविले आहेत. तथापि पुनर्विक्री करणाऱ्याला शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनाने पैसे मिळत नाहीत. ग्राहकाच्या व बँकेच्या मूल्यमापनाने मिळतात. ग्राहक मातीच्या भिंतीस कमी लेखत असेल तर तो तोटा खरेदीच्या किमतीतच वळता करून घ्यावा. भिंत पाडून नवी बांधणे हा त्यावरील उपाय क्वचितच परवडतो.

६. न दिसणारी दुरुस्ती आणि विश्वास

भरून निघणारा खर्च बहुधा डोळ्यांना दिसत नाही, ही या व्यवहारातील मोठी विसंगती आहे. जोत्याखालील निचरा कोण पाहतो? रंग मात्र सर्वांना दिसतो. विकणाऱ्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला दिसत नसेल, तर घेणारा सर्वच मालाला दोषी समजून किंमत कमी देतो, आणि मग चांगला माल बाजारातून नाहीसा होऊ लागतो, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. ताजा रंग दिलेल्या जुन्या घराकडे ग्राहक संशयाने पाहतो तो याच कारणाने. उपाय असा की काम चालू असतानाच छायाचित्रे घ्यावीत, साहित्याच्या व मजुरीच्या पावत्या जपाव्यात, आणि उघडी मयाल व खणलेले जोते शक्य तर ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. लपलेली दुरुस्ती दिसू लागली की तिला किंमत येते.

दोष झाकण्याचा मार्ग कायद्यानेही बंद केला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला परंतु खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करण्याचे बंधन विक्रेत्यावर आहे. शिवाय गावाचा स्वतःचा एक कायदा असतो. कोणत्या घराच्या कोणत्या भिंतीत काय आहे, हे तेथे काम केलेल्या गवंड्याला माहीत असते आणि गवंडी गावातच राहतो.

७. वेळ, हंगाम आणि चुकीचा वाव

लहान बाजारपेठेचे वैशिष्ट्य किमतीपेक्षाही वेळेत आहे. शहरात योग्य किमतीच्या घराला दहा ग्राहक असतात. गावी दोन असतात, आणि ते दोघेही पुढच्या हंगामाची वाट पाहत असतात. या भागात कपाशी दसरा-दिवाळीनंतर घरी येते, संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी व मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये विकला जातो. लोकांच्या हाती पैसा असतो तो या काळात. गुढीपाडवा व अक्षय तृतीया हे खरेदीचे मुहूर्तही त्याला जोडूनच येतात. पावसाळा लागला की पैसा बियाणे-खतात जातो. जे घर वैशाखापर्यंत विकले गेले नाही ते बहुधा दिवाळीपर्यंत राहते. म्हणून रंगासाठी चैत्राचा ग्राहक घालविणे म्हणजे सहा महिन्यांच्या व्याजावर रंग विकत घेणे होय.

वरील उदाहरणात दुसऱ्या पायरीवर दरमहा ८,३०० रुपये व्याज चढते. विक्री पाच महिने लांबली तर ४४,४०० चा नफा २,९०० वर येतो. मुदत पाळली, पण किंमत शेकडा ५ ने कमी आली तर २,६४० रुपयांचा तोटा होतो. दुरुस्तीचा खर्च चौथाईने वाढला तरीही नफा उरत नाही. आणि जुन्या घराच्या कामात खर्च चौथाईने वाढणे ही नवलाची गोष्ट नव्हे. या तिन्ही चुका एकत्र घडू शकतात. तेव्हा कोष्टकात नफा दिसतो एवढ्यावरून हे घर घेण्याजोगे ठरत नाही.

अंदाज चुकण्याचा धोका मोठ्या भांडवलानेही टळत नाही. अमेरिकेतील झिलो या कंपनीने घरे विकत घेऊन, त्यांची किरकोळ दुरुस्ती करून ती विकण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर आरंभिला होता. तिच्यापाशी लक्षावधी घरांची माहिती व संगणकीय गणिते होती. तरीही घरांच्या भावी किमतींचा पुरेसा अचूक अंदाज करता येत नाही असे सांगून तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो उद्योग बंद केला व आपल्या सुमारे चौथाई कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. जिथे माहितीचा महापूर होता तिथे हे घडले. चार व्यवहारांवरून अंदाज बांधणाऱ्याने चुकीला अधिक वाव ठेवणे भाग आहे.

हा वाव किती असावा? अमेरिकेतील व्यावसायिकांत एक ठोकताळा रूढ आहे : दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित किमतीच्या शेकडा ७० मधून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, जे उरेल त्याहून अधिक किंमत घराला देऊ नये. तो येथे लावून पाहिला तर ९,६०,००० चे शेकडा ७० म्हणजे ६,७२,०००. त्यातून १,८०,००० वजा जाता ४,९२,००० उरतात. मागणी मात्र ६,००,००० ची आहे. उरलेल्या शेकडा ३० पैकी सुमारे १४ आपल्या उदाहरणात शुल्क, व्याज व दलाली यांतच जातात; नफा आणि चूक या दोहोंसाठी शेकडा १६ राहतात. जेथे ग्राहक दोनच आहेत तेथे हा वाव अधिक म्हणता येणार नाही. हा ठोकताळा परक्या बाजारातील आहे व तो जशाचा तसा घेण्याचे कारण नाही. पण त्याने दाखविलेली दिशा योग्य आहे. दुरुस्तीत काटकसर करून वाचणारी रक्कम थोडी असते. खरेदीच्या किमतीत वाचलेला लाख मात्र कोणत्याही गवंड्याच्या हातून निसटू शकत नाही.

८. जागा, शासन आणि कर

काही गोष्टी कोणत्याही दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरच्या असतात. १९१७ साली पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकालगतच्या जागेला मोल आले. गाडी बंद पडल्यावर ते मोल टिकविणे कोणत्याही घरमालकाच्या हाती नव्हते. तळेगाव ते अमरावती हा सुमारे ६७ किलोमीटरचा रस्ता चौपदरी झाला, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. वाहतुकीच्या वाटा अशा बदलत असता, महामार्गावरील वर्दळ वाढतच जाईल अशा भरवशावर घराच्या दर्शनी भागात दुकानाचे गाळे काढणे हा दुरुस्तीचा खर्च नसून एक निराळाच जुगार आहे. रस्त्यालगतच्या बांधकामास इमारत रेषेचे व नियंत्रण रेषेचे निर्बंधही असतात. गावठाणातही वाढीव बांधकामास रीतसर परवानगी लागते. ती न घेता काढलेली खोली किंमत वाढविण्याऐवजी बँकेच्या मूल्यमापकाचा आक्षेप ओढवून घेते.

कराचाही विचार आधीच केलेला बरा. वरील कोष्टकातील नफा आयकरापूर्वीचा आहे. घर २४ महिन्यांच्या आत विकल्यास होणारा भांडवली लाभ अल्पमुदतीचा समजला जातो व त्यावर विक्रेत्याच्या नेहमीच्या दराने कर बसतो. असे व्यवहार वारंवार केल्यास ते धंद्याचे उत्पन्न ठरू शकते. दोन्ही प्रकारांत झालेल्या खर्चाचा पुरावा लागतो. पावत्यांवाचून रोखीने केलेली दुरुस्ती कराच्या हिशेबात नसल्यासारखीच होय.

९. निष्कर्ष

या विवेचनाचे सार तीन प्रश्नांत सांगता येईल. ज्याने हे घर घ्यावे अशी अपेक्षा आहे तो मनुष्य कोण, आणि त्याच्या कुवतीची सीमा कोठे आहे? त्याच्या नकाराची कारणे कोणती, व ती दूर करण्यास खरा खर्च किती? ही कारणे दूर झाल्यावर करावयाचे प्रत्येक काम आपला खर्च, वाढलेले व्याज व दलाली यांसह परत आणते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या कामापाशी प्रथम नकारार्थी येते तेथे दुरुस्ती थांबवावी, मग घर कितीही अपुरे दिसो.

आणि पहिल्या दोन प्रश्नांतच हिशेब जुळत नसेल तर किंमत कमी करून मागावी, अथवा घर सोडून द्यावे. विक्री लांबल्यास ते भाड्याने जाण्याजोगे आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे. महिन्याचे भाडे व्याजाचा काही भार उचलते आणि पडेल त्या किमतीस विकण्याची पाळी टाळते. आपल्या उदाहरणातील घर सहा लाखांस घेण्याजोगे नाही, पाच लाखांच्या आत मिळाल्यास विचार करण्याजोगे आहे, आणि कोणत्याही किमतीस मिळाले तरी त्यावर स्लॅब टाकण्याजोगे नाही. हा निर्णय कुदळ उचलण्यापूर्वी, खरेदीखतावर सही होण्यापूर्वी झाला पाहिजे. कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचे रक्षण त्यानंतरच्या काटकसरीने होत नाही.